डिकीतला पट्टा

२०१९ साल. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा अठरा मेला, शनिवारी आली होती, आणि लताबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. त्यामुळे ती तारीख त्यांना कधी आठवावी लागत नाही.

सकाळी आठला इंदिरानगरमधल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकातून पांढरी डिझेल गाडी बाहेर पडली. चालवायला मुलगा राकेश, शेजारी सून संजना, आणि मागच्या सीटवर सहा वर्षांची वेदिका आणि बुद्धांची मूर्ती. मूर्ती दोन गोधड्यांत गुंडाळून सीटच्या पट्ट्यानं बांधलेली. संजनाचे वडील निवृत्तीगुरुजी नामपूरला राहत. तिथल्या वस्तीत मंडळींनी मिळून विहार बांधलं होतं आणि मूर्ती नाशिकहून आणायचं काम जावयावर सोपवलं होतं. दुपारी बाराला वंदना होती. त्याच्या आत मूर्ती पोचायला हवी होती.

लताबाईंना डॉक्टरांनी प्रवास, धूळ, वाकणं, सगळंच बंद सांगितलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून त्या गॅलरीत उभ्या होत्या.

"आई, थेंब चार वेळा घालायचे. विसरू नका," संजना काचेतून ओरडली.

"राकेश, बॉनेट उघडलंस का रे?" लताबाईंनी वरूनच विचारलं.

"अगं आई, काल नाथाकडे दाखवून आणलीय गाडी. इंजिनचा नवा पट्टासुद्धा टाकलाय त्यानं. आता उशीर नको करू."

गाडी गेली. लताबाई आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या. देव्हाऱ्यासारखं सजवलेलं बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोचं टेबल होतं, तिथली फुलं त्यांनी एकदा डावीकडे सारली, एकदा उजवीकडे. चहा ठेवला आणि गॅस पेटवायलाच विसरल्या.

त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं ते एवढ्याचसाठी, की त्या घरातून गाडी लांब निघाली आणि पट्टा बघितला नाही, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

लताबाईंचे यजमान पुंजाराम सरकारी जीपवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्या जीपनं त्यांनी सुरगाण्याचे डोंगर पाहिले, येवल्याची धूळ खाल्ली, साहेब बदलले, पण एकदाही गाडी रस्त्यात बंद पडली नाही, हा त्यांचा अभिमान. साहेबांच्या बायका म्हणत, पुंजाराम असला की डबा घ्यायला नको, वेळेवर घरी येतो माणूस. त्यांचं सगळं शास्त्र म्हणजे सकाळचा अर्धा तास. इंजिन थंड असताना बॉनेट उघडायचं, किल्ली खिशात घालायची, आणि पट्टे बघायचे. या पांढऱ्या गाडीत दोन होते. एक एसीचा. "तो तुटला तर घाम येईल, एवढंच," असं ते म्हणत. दुसरा पंख्याचा. त्याच्यावर पाण्याचा पंप, त्याच्यावर बॅटरी भरणारा डायनामो, आणि त्या डायनामोच्या पाठीला ब्रेकला जोर देणारा छोटा पंप. "आणि हा तुटला तर," असं म्हणून ते पुढचं बोलतच नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली. पुढे साखरेनं डोळे गेले. गाडी राकेश चालवायला लागला, पण सकाळचा अर्धा तास पुंजारामांनी सोडला नाही. ते पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबायचे. अर्ध्या बोटापेक्षा जास्त दबला तर ढिला. मग पट्ट्याला पीळ देऊन उलटा धरायचे आणि हाक मारायचे, "लता, बघ."

लताबाई पदर खोचून वाकायच्या. "तीन भेगा आहेत."

"आडव्या का उभ्या?"

"आडव्या. केसासारख्या."

"चकाकतोय का?"

"कडेला जरा."

"कडेला चकाकतो म्हणजे घसरतोय. पट्टा काळा आणि मंद दिसला पाहिजे, पाटीसारखा. चकाकला की समजायचं, म्हातारा झाला." आणि मग हसून, "आपण नाही का, डोक्यावर चकाकतो."

अशी चार वर्षं त्यांचे अंगठे आणि हिचे डोळे. चौदा महिन्यांपूर्वी पुंजाराम गेले, त्यानंतरही लताबाई राकेश निघायच्या आधी खाली जात, बॉनेट उघडायला लावत आणि पट्टा उलटा करून बघत. राकेश घड्याळाकडे बघत उभा राही. या खेपेला वाकायचंच नव्हतं, म्हणून सगळं नाथावर सोडलं होतं.

पावणेनऊला बेल वाजली. दारात नाथा मेकॅनिक. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे त्याचं पत्र्याचं गॅरेज. वय पन्नाशीचं, अंगावर कायम तेच निळं शर्ट. पंधराव्या वर्षी तो पुंजारामांच्या हाताखाली पाने पुसायला लागला होता आणि अजून त्यांना दादा म्हणत होता.

"वहिनी, जयभीम. डोळा कसा हाय?" असं म्हणत त्यानं हातातली पिशवी पुढे केली. "हा घ्या काढलेला पट्टा. दादांचा नियम. काढला की घरी पोचवायचा."

हा पुंजारामांचा आणखी एक नियम. काढलेला पट्टा गॅरेजवाल्याकडे ठेवायचा नाही. घरी आणून तो आपण बघायचा, खरंच गेला होता का ते ठरवायचं, आणि अगदीच तुकडे झाले नसतील तर त्यावर पांढऱ्या रंगानं फुली मारून डिकीत टाकायचा. रस्त्यात अडलंच तर दहा मैल रांगत जाण्यापुरता.

लताबाईंनी पिशवीत हात घातला. पट्टा बोटांवर उलटा केला, चांगला डोळा जवळ नेला. बारीकशा दोन भेगा. बाकी धडधाकट.

"अरे नाथा, हा तर अजून सहा महिने चालला असता."

"राकेश म्हनला, चालू करताना ओरडतो. मी म्हनलं घाटाचा रस्ता हाय, मूर्ती हाय, लेकरू हाय, बदलूनच टाकू."

"चांगलं केलंस. नवा कुठनं आणलास? काल तर संध्याकाळी उशिरा गेला होता तो तुझ्याकडे."

"दुकानं बंद झालेली. पन नशीब बघा वहिनी, डिकीत दादांनी नवाच ठेवलेला सापडला. जरीच्या साडीच्या पिशवीत, असा बंद करून. तोच टाकला."

लताबाईंच्या हातातला पट्टा खाली पडला.

"कोणती पिशवी?"

"ती हो, वर मोर काढलेला."

मोराची पिशवी त्यांचीच होती. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी घर आवरताना त्यांनी डिकीही आवरली होती. पुंजारामांची हत्यारं वर्षभर तिथं तशीच पडली होती. त्या खाली पायरीवर बसल्या, पाने, पक्कड, जॅकची दांडी, एकेक वस्तू रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि गंजू नये म्हणून तिला खोबरेल लावलं. त्या दुपारी डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं आणि हात थांबत नव्हता. फुली मारलेला पट्टासुद्धा त्याच ओघात हातात आला. तो त्यांनी पुसला. पांढरी फुली रॉकेलनं निघून गेली. मग त्याला तेल लावलं, दोनदा, मुरेपर्यंत. भेगा भरून गेल्या. काळाभोर, चकचकीत दिसायला लागला. आणि त्या दिवशी तो त्यांना पुंजारामांचा वाटला, पट्टा वाटलाच नाही, म्हणून जपून ठेवण्यासारख्या पिशवीत ठेवला.

रबराला तेलाचं बोट लागू देऊ नये, हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं.

"नाथा, तू तो उलटा करून पाहिलास का?"

नाथा मान खाली घालून म्हणाला, "नाय वहिनी. अंधारायला लागलेलं. आन दादांनी जपून ठेवलेला पट्टा... दादांचा पट्टा मी कसा तपासू? लाज वाटली."

"तो जुना आहे रे. फुलीचा. त्याला मी तेल लावलंय."

नाथाच्या तोंडावरचा रंग उतरला. तेल प्यायलेलं रबर ऊन होऊन फुगतं, घसरतं, आणि मग भेगेवर फाटतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. "किती वाजता निघाले?"

"आठला."

"पिंपळगाव सोडलं आसल. पुढं चांदवड, आन चांदवडच्या पुढं..."

"राहुडचा घाट," लताबाई म्हणाल्या. तो उतार त्यांना पाठ होता. मालेगावकडे जाताना गाडी तिथं खाली सुटते आणि ब्रेकवरच उतरावं लागतं.

त्यांनी राकेशला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. तो उचलणार नव्हता. चाकावर हात असताना फोन घ्यायचा नाही हाही बापाचाच नियम, आणि हा एक नियम राकेश काटेकोर पाळायचा. लताबाईंना पहिल्यांदाच त्या नियमाचा राग आला.

मग संजनाला लावला. कट झाला. परत लावला. परत कट.

"काय करतीये ही?"

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. पलीकडून वेदिकाचा वैतागलेला आवाज. "आजी! तू सारखी फोन करू नको ना. माझं कार्टून थांबतं."

"वेदू, आईला दे. पटकन—"

"आई झोपलीये. मी मूर्तीला पण दाखवतेय." आणि फोन बंद.

"अगं वेदू!" लताबाई फोनवर ओरडल्या. नाथाला त्या तसल्या वेळीही हसू फुटलं आणि त्यानं ते गिळलं. पुढच्या खेपेला आवाज आला, की ज्यांना फोन लावला ते आता बंद आहेत. कार्टूननं बॅटरी खाल्ली होती.

नाथा गाडीची किल्ली खिशात चाचपू लागला. "मी निघतो मोटरसायकलनं. हा काढलेला बरोबर घेतो. पिंपळगावात दुकान उघडलं आसल तर नवा घेतो."

"तू चांदवडला पोचेपर्यंत ते घाट उतरलेले असतील. थांब. जरा थांब." त्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागल्या. चार पावलं इकडे, चार तिकडे. डोळ्यावरची पट्टी त्यांनी सरकवली, पुन्हा नीट केली. कोण आहे त्या रस्त्यावर? टोलनाक्यावर कोण ऐकणार? पोलिसांना काय सांगायचं, पट्ट्याला तेल लावलंय म्हणून?

आणि मग त्या थबकल्या. "सगुणा."

"कोन सगुणा?"

"चांदवडच्या पुढं, घाटाच्या अलीकडे, चिंचेखाली हॉटेल आहे बघ. सगुणाबाईचं. आम्ही इतकी वर्षं नामपूर-सटाण्याकडे जाताना तिथंच थांबायचो. हे बॉनेट उघडायचे, मी चहा आणायचे. त्यांच्या वहीत तिचा नंबर असेल."

पुंजारामांची निळी वही कपाटात वरच्या खणात होती. लताबाईंना अक्षर दिसेना, एका डोळ्यानं रेघा एकमेकींत मिसळत होत्या. नाथानं पानं उलटली. "सखाराम टायर... संगमनेर पंप... सगुणाबाई चहा, हा घ्या."

फोन लागला. पलीकडून कपबश्यांचा आवाज आणि एक भरदार गळा.

"कोन बोलतंय?"

"सगुणाबाई, मी लता. नाशिकची. जीपवाल्या पुंजारामांची."

"आगं बाई! लता! कित्ती वर्षं झाली गं. भाऊ गेले ते कळलं मला, लय वाईट झालं. मी यायचं म्हनत होते, पन हॉटेल सोडून—"

"सगुणा, ते सगळं सावकाश बोलू. माझ्या राकेशची पांढरी गाडी आत्ता तुझ्याकडनं जाईल. ती थांबव. काहीही कर. घाटात जाऊ देऊ नको."

"राकेशची ना? थांबल की तो. दर खेपेला थांबतो."

लताबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "राकेश? तुझ्याकडे?"

"आगं दर खेपेला. भाऊ गेल्यापासून दोनदा-तीनदा आला. चहा घेतो, गाडीचं तोंड उघडून उभा राहतो. का, तुला नाय सांगितलं त्यानं?"

नाही, सांगितलं नव्हतं. पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. "आज नाही थांबायचा कदाचित. त्याला बाराला नामपूरला पोचायचंय. सगुणा, रस्त्यावर उभी राहा. तुझ्या पाया पडते."

"पाया काय पडती, येडी हायस का? उभी राहते. गाडी कशी वळखू?"

"पुढच्या काचेवर निळा झेंडा चिकटवलाय."

"बस झालं. ठेव फोन."

नाथा तेवढ्यात निघाला होता. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या, खाली मोटरसायकल धडधडली. पण तो दोन मिनिटांत परत वर आला. "वहिनी, फोनवर कुनीतरी सांगायला पाहिजे. राकेशला पट्ट्यातलं काय बी कळत नाय. तुम्हाला एकटीला..."

"कळत नाही तर मी सांगेन. तू जा."

"सापडले का नाय ते कळल्याबिगर मला गाडी चालवता येनार नाय."

मग दोघं बसले. म्हणजे नाथा बसला. लताबाई बसल्या नाहीत. घड्याळात सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. त्यांनी ओट्यावरचं आधीच धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघितलं, जसा काही तिथून घाट दिसणार होता. मनात गाडी एकेक गाव मागे टाकत होती. वडाळीभोई. मग चांदवडचे डोंगर दिसायला लागतात. मग वळण. पुंजाराम वळणावर नेहमी म्हणायचे, आली सगुणाबाई, आता पाणी पी.

नाथा म्हणाला, "वहिनी, मी सांगू का? तो विचारल तेव्हा म्हना, नाथानं बघितलं नाय. खरंच आहे ते. तुम्ही तेल लावलं हे कशाला..."

लताबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा गॅलरीत गेल्या.

दहाला पाच कमी असताना फोन वाजला. सगुणाबाईचाच नंबर, पण आवाज राकेशचा, आणि तो भडकलेला.

"आई, काय चाललंय? ह्या सगुणाबाई रस्त्याच्या मधोमध झारा घेऊन उभ्या. मी करकचून ब्रेक मारला! मूर्ती पुढच्या सीटवर आदळता आदळता वाचली."

पाठीमागून सगुणाबाई ऐकू आली. "मग झाऱ्यानं हात नाय केला तर काय करू, पदर उडवू का या वयात?"

"राकेश, गाडी बंद कर. किल्ली काढून खिशात घाल. बॉनेट उघड."

"काल नाथानं—"

"उघड म्हणते ना!"

फोनवर पत्रा करकरला. लताबाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. नाथा उभा राहिला.

"उघडलं. पट्टा एकदम चांगला आहे, आई. नवा कोरा. चकचकतोय."

"चकचकतोय म्हणूनच विचारते. पंखा थांबलाय ना पूर्ण? आता हात लावू नकोस, गरम असेल. सगुणाकडनं फडकं घे. पंख्यावरून खाली येणारा पट्टा. त्याच्या मधोमध दाब."

"दाबला. बराच आत जातोय गं."

"किती? अंगठ्याच्या पेराएवढा?"

"दोन पेरं जातील."

नाथानं डोळे मिटून घेतले. काल त्यानं तो नीट ताणून बसवला होता.

"आता फडक्यानं धरून त्याला पीळ दे. आतली बाजू वर यायला पाहिजे. वेदूला टॉर्च धरायला सांग. दिसली?"

थोडा वेळ नुसता ट्रकांचा आवाज. मग वेदिकाचा. "बाबा, हे बघा, इथं दोरे निघालेत. उंदरानं खाल्ल्यासारखे."

राकेशचा आवाज खाली आला. "आई... कडेचा एक तुकडा गेलाय. तीन बोटं लांब. आणि भेगा आहेत, सगळीकडे. आतून चिरलाय पूर्ण."

"वास घे."

"काय?"

"वास घे रे त्याचा."

वास राकेशनं घेतला, का संजनानं, ते लताबाईंना नंतर कधी कळलं नाही. पण उत्तर संजनाचं आलं. "आई, खोबरेलाचा वास येतोय. तुमच्या तेलाच्या बाटलीसारखा."

मग राकेश एकदम पेटला. "त्या नाथाला मी सोडणार नाही. लोकांच्या जिवाशी खेळतो हा माणूस? बाबांनी शिकवला आणि हे? आल्यावर आधी त्याच्या गॅरेजला जातो, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर..."

नाथानं हातानं खूण केली. राहू द्या, बोलू नका, जाऊ द्या माझ्यावर. त्यानं हातसुद्धा जोडले. लताबाईंना तो क्षण पुढेही आठवत राहिला, कारण गप्प राहणं फार सोपं होतं. राकेशचा विश्वास बसला असता. घरातली म्हातारी बाई आणि मेकॅनिक, यात चूक कोणाची, हे जगानं आधीच ठरवलेलं असतं.

"राकेश, ऐक. तेल मी लावलं."

लताबाईंनी फोन जवळ ओढला.

"तो तुझ्या बाबांनी काढून टाकलेला होता. त्यावरची फुली मी पुसली, तेल लावलं आणि नव्यासारखा करून साडीच्या पिशवीत ठेवला. नाथानं बघितला नाही हे खरं, पण त्यानं माझ्या हातच्या पिशवीवर विश्वास ठेवला. तुला शिव्या द्यायच्या तर मला दे."

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. मग राकेश म्हणाला, आणि आता त्याचा आवाज वेगळाच होता, "मी आज थांबणार नव्हतो. उशीर झाला म्हणून. दर वेळी थांबतो इथं."

"सांगितलं सगुणानं."

"बॉनेट उघडतो मी. पण काय बघायचं ते मला कळत नाही, आई. बाबा उघडायचे म्हणून उघडतो. चहा संपेपर्यंत आत बघत उभा राहतो आणि बंद करतो."

लताबाईंच्या त्या दिवशीच्या धावपळीत डोळ्याला पाणी येऊ द्यायचं नाही हे डॉक्टरांचं सांगणं पाळलं गेलं होतं. ते आता मोडलं.

"इतके दिवस विचारलं का नाहीस मग?"

"तू वाकून बघायचीस तेव्हा मी घड्याळ बघत उभा असायचो. मग कोणत्या तोंडानं विचारायचं?"

नाथानं फोनजवळ तोंड नेलं. "राकेशभाऊ, मी निघालो. नवा घेऊन येतो. दोन तास लागतील. गाडी चालू करू नको, ढकलून सावलीत घे."

"काका, तुम्ही तिथंच आहात?" राकेश ओशाळला. "मघाचं..."

"मघाचं आल्यावर बघू. आधी चहा पी."

नाथा गेला. लताबाईंना अजून एक फोन करायचा होता, नामपूरला. निवृत्तीगुरुजी तालुक्याच्या गावात मराठी शिकवून निवृत्त झालेले, फोनवर व्याह्यांशी शुद्ध बोलत, पण घाईत अहिराणीवर येत. लताबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. मूर्ती बाराला पोचणार नाही, चूक आमची, मंडळी ताटकळतील.

गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "पोरं सुखरूप शेतस ना?"

"आहेत."

"मग बस. बुद्धांना काय घाई शे? आम्ही थांबतो."

नाथा पिंपळगावात दुकान उघडायला लावून नवा पट्टा घेऊन बारा वाजता चिंचेखाली पोचला. या वेळी त्यानं तो दुकानातच, दुकानदारासमोर, उलटा करून पाहिला, आणि चांदवडला राकेशकडून पुन्हा पाहून घेतला. सगुणाबाईनं चहाला कोणाकडून काही घेतलं नाही. वेदिका तोवर गोधडीतल्या मूर्तीला ऊन लागतं म्हणून तिच्यावर स्वतःची टोपी धरून बसली होती. मूर्ती पावणेतीनला नामपूरला पोचली. वंदना साडेतीनला झाली, आणि खीर गार झाली तरी कोणी तक्रार केली नाही, असं गुरुजी सांगत.

राकेश दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला तो घरी यायच्या आधी नाथाच्या गॅरेजवर गेला. तिथं काय बोलणं झालं, ते दोघांनीही लताबाईंना सांगितलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला खुर्ची टाकून दिली, बॉनेट उघडलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "सांग." लताबाई खुर्चीतून बोलत राहिल्या. त्याचे अंगठे, तिचे शब्द.

पुढचं सांगायचं तर, सगुणाबाईचं हॉटेल त्यानंतर जेमतेम वर्षभर चाललं. लॉकडाऊनमध्ये ट्रक थांबायचे बंद झाले आणि ती मुलीकडे मालेगावला राहायला गेली. तिथं सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कामगारांना सकाळी चहा-पाव विकते. गळा तसाच आहे. दर बुद्धपौर्णिमेला लताबाईंना तिचा फोन येतो, "झारा अजून जपून ठेवलाय" म्हणून. निवृत्तीगुरुजी २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले, नाशिकच्या हॉस्पिटलात खाट मिळाली नाही. विहारातल्या मूर्तीच्या उजव्या खांद्यावर एक टवका आहे. राकेशनं ब्रेक मारला तेव्हाचा, गोधड्या सोडल्यावर दिसलेला. गुरुजींनी तो बुजवू दिला नव्हता, आता कोणी बुजवायचं नाव काढत नाही.

नाथाचं गॅरेज रस्ता रुंद होताना गेलं. आता अंबडला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे, अंगात तेच निळं शर्ट, पण त्यावर कंपनीचं नाव. काढलेला पट्टा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची त्याची सवय तिथल्या साहेबांना आवडत नाही. तो देतोच. संजनानं गाडी शिकून घेतली आणि राकेशपेक्षा चांगली चालवते, हे राकेश पाहुण्यांसमोर कबूल करत नाही.

पांढरी गाडी गेल्या वर्षी भंगारात दिली. नवी घेताना वेदिका बरोबर होती, आता ती बारा वर्षांची. शोरूममधला माणूस स्क्रीन आणि गाणी दाखवत होता. ती म्हणाली, "बॉनेट उघडा." त्यानं उघडलं. आत सगळं काळ्या झाकणाखाली. "पट्टा कुठंय?" तिनं विचारलं. त्या माणसाला सांगता आलं नाही, त्यानं आतून दुसऱ्याला बोलावलं.

आणि तो तीन बोटं फाटलेला पट्टा नाथानं चांदवडहून परत आणून दिला होता, नियमाप्रमाणे. लताबाई आता त्र्याहत्तरच्या आहेत, दोन्ही डोळे चांगले आहेत. पट्टा गॅलरीत खिळ्याला टांगलाय. त्यावर त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगानं फुली मारली, दोन्ही बाजूंनी, आणि घर आवरायला बाई येते तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलंय, त्याला फडकं लावायचं नाही.